साखरेचं पाणी किती चढतं

लग्न होऊन मी नंदुरबारला आले तेव्हा माझ्याजवळ बी.एस्सी.ची पदवी होती, आणि रसायनशास्त्र आपल्याला चांगलं येतं ही खात्रीही. ती खात्री मी कधी लपवली नाही. गावात मात्र त्या पदवीचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेजारणी विचारायच्या, किती शिकल्या? मी सांगायची. त्या "बरं" म्हणायच्या आणि मिरची कशी वाळवायची, रंग कसा टिकवायचा ते मला दाखवायच्या. तेही मी मन लावून शिकले.

यजमान बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. रस्ते, मोऱ्या, सरकारी विहिरी हे त्यांचं काम. महिन्यातले निम्मे दिवस फिरतीवर. आज म्हसावद, उद्या रनाळे, थंडीत घोड्यावर बसून वर मोलगीपर्यंत. घरी असले की दुपारी झोपायचे नाहीत, काहीतरी खुडबुड करत बसायचे. माणूस मोकळा होता, पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काही मानायचा नाही.

आमचं बिऱ्हाड मिरचीच्या एका जैन व्यापाऱ्याच्या माडीवर होतं. शेठ सगळा दिवस पेढीवर असायचे, घराचा कारभार शेठाणींचा. त्या मारवाडातून लहान वयात इथे आल्या होत्या आणि बाहेरच्यांशी गावातलीच अहिराणी बोलायच्या. जागा देताना त्यांनी मला जिन्यातच थांबवून सांगितलं होतं, "मन्हा घरमा अंडं चालाव नही, बाई. मास नही. कांदा, बटाटा, जमीनखालचं काहीच नही." मी हो म्हटलं. मी त्यांना काकी म्हणायची, आणि त्यांना दिलेला शब्द मोडावा असं मला कधी वाटलं नाही.

दिवाळी होऊन गेल्यावरची एक दुपार. मी कॉलेजातलं जुनं पुस्तक काढून गणितं सोडवत होते. कुणाला दाखवायला नाही. मला गणितं सोडवायला आवडायची. यजमान मागे येऊन उभे राहिले.

"हे काय चाललंय?"

"ऑस्मोटिक प्रेशर काढतेय. एक टक्का साखरेच्या पाण्याचं."

आता मराठी पुस्तकांत त्याला परासरण दाब म्हणतात. आम्ही सगळं इंग्रजीतून शिकलो, त्यामुळे घरातही तोच शब्द. मी त्यांना समजावलं. एक पडदा असा घ्यायचा की त्यातून पाणी जाईल, साखर जाणार नाही. एका बाजूला साखरेचं पाणी, दुसऱ्या बाजूला साधं. साधं पाणी पडद्यातून साखरेकडे शिरत राहतं. साखरेच्या बाजूला उभी नळी लावली तर त्या नळीत पाणी वर चढतं. चढता चढता त्या उभ्या पाण्याचं वजन इतकं होतं की आणखी पाणी आत येऊ शकत नाही. जिथे ते थांबलं तिथला दाब म्हणजे ऑस्मोटिक प्रेशर.

"बरं. मग किती चढेल तुझं पाणी?"

"साडेचोवीस फूट."

ते हसले. ते हसणं टर उडवणारं नव्हतं, पण हसले. "अगं, स्टेशनवरच्या टाकीत एवढ्या उंचीवर पाणी चढवायला इंजिन लावलंय. त्याला कोळसा घालावा लागतो. आणि तू दोन चमचे साखरेवर चढवणार?"

मी कागद त्यांच्यापुढे सरकवला. एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम साखर. साखरेचा रेणुभार तीनशे बेचाळीस. दहाला त्याने भागलं की लिटरमध्ये साखरेचे रेणू किती, त्याचं माप मिळतं: सुमारे शून्य दशांश शून्य एकोणतीस. त्याला वायूच्या स्थिरांकाने गुणायचं, मग तापमानाने. पण तापमान आपल्या नेहमीच्या अंशांत नाही, त्यात दोनशे त्र्याहत्तर मिळवून. खोलीतले तीस अंश म्हणजे तीनशे तीन. उत्तर येतं हवेच्या दाबाच्या पाऊण पटीला थोडं कमी. हवेचा दाब चौतीस फूट पाणी तोलून धरतो, हे ओव्हरसियरला सांगावं लागत नाही. पंपाच्या कामात ते रोजचंच.

त्यांनी आकडेमोड तपासली. ती बरोबर होती. मग बोट ठेवलं नेमकं त्या स्थिरांकावर.

"हा वायूचा आहे. वायू डबीत कोंडला तर भिंतींवर आपटतो, म्हणून दाब. साखर कुठे हवेत उडतेय?"

हा प्रश्न खरा होता. आमच्या वर्गात कुणीही तो विचारला नव्हता, मीही नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याशी रसायनशास्त्रावर वाद घालत होतं, आणि मला मनापासून बरं वाटलं.

"पाणी भरपूर असलं की साखरेचे रेणू एकमेकांपासून लांब लांब असतात," मी म्हटलं, "वायूतल्या कणांसारखे. म्हणून हिशेब तोच लागू पडतो. विलायतेत मोजून पाहिलंय."

"मग नंदुरबारात मोज."

"मोजते."

"पाऱ्याच्या नळीने दाब मोजणं वगैरे नको. मला पाणी चढलेलं दिसलं पाहिजे."

साडेचोवीस फूट काचेची नळी आणायची कुठून, आणि उभी करायची कुठे? आमच्या माडीचं छत आठ फुटांवर. मी म्हटलं, साखर पाव पट घेऊ. मग उंचीही पाव पट आली पाहिजे. सहा फूट दोन इंच. तेवढ्यावर पाणी आलं आणि थांबलं, तर सूत्र मानायचं. न थांबता वर गेलं तरी मी हरले, खाली राहिलं तरी हरले. ही अट त्यांना आवडली. त्यांनी लगेच ओळंबा सोडला, टेप लावली आणि भिंतीवर शिसपेन्सिलीने सहा फूट दोन इंचांवर एक आडवी रेघ मारली. तिच्याखाली बारीक अक्षरात लिहिलं, "सौ.चा अंदाज". मी तो "अंदाज" शब्द खोडून "हिशेब" लिहिलं.

अडचण निघाली ती पडद्याची. कॉलेजात आम्ही अंड्याच्या आतलं पातळ कातडं वापरायचो, नाहीतर शेळीचं मूत्राशय. काही नसेल तर पोखरलेला बटाटा. यातली एकही गोष्ट या घरात आणता येत नव्हती. यजमान म्हणाले, खाटकाकडून मूत्राशय आणून ऑफिसच्या कोठीत प्रयोग करू, शेठाणींना कळणारही नाही. मी नको म्हटलं. मला प्रयोग माझ्या माडीवर, उजळ माथ्याने करायचा होता. आणि खरं सांगायचं तर ती कातडी नेमका दाब मोजायला तितकी चांगली नव्हतीच; त्यांतून साखरही हळूहळू झिरपते. विलायतेत ज्याने मोजलं होतं त्याने मातीचं भांडं वापरलं होतं. भाजलेल्या, पण बिनझिलईच्या भांड्याच्या छिद्रांत दोन रसायनं भेटवायची, म्हणजे तिथल्या तिथे तपकिरी रंगाचा पडदा धरतो. पाणी जातं, साखर अडते.

त्या दोहोंतलं एक मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. ज्वारीच्या बियाण्याला काणी रोग लागू नये म्हणून शेतकरी ते लावत, त्यामुळे बाजारात हवं तेवढं. दुसरं, पोटॅशियम फेरोसायनाइड, गावातल्या हायस्कूलच्या कपाटात होतं. शाळेचे शास्त्राचे मास्तर उन्हाळ्यातच सोडून गेले होते, कपाटाला कुलूप होतं. हेडमास्तर यजमानांच्या ओळखीचे. त्यांनी बाटलीही दिली, काचेच्या नळ्याही दिल्या, वर म्हणाले, "निदान कुणाच्या तरी उपयोगी पडू देत."

भांड्यासाठी मी स्वतः कुंभारवाड्यात गेले. पेल्याएवढं भांडं, भिंत पातळ, आतबाहेर काही लावायचं नाही. कुंभाराने मला नीट न्याहाळून विचारलं, "पानी झिरपाले पाहिजे का नही पाहिजे?"

"पाहिजे. पण अगदी हळू."

"मंग राख घालस नही," तो म्हणाला, आणि माती दोनदा चाळायला बसला.

भांडं आलं. छिद्रांतली हवा जायला हवी म्हणून ते उकळत ठेवायचं होतं. त्यासाठी मी खाली शेठाणींकडे पाणी मागायला गेले, कारण त्यांच्याकडे पिण्याचं पाणी रोज गाळून उकळलेलंच असे. त्यांनी तपेलं भरून दिलं आणि पाठोपाठ माडीवर आल्या. "हाई काय शे?" मी सगळं सांगितलं. आधी त्यांनी विचारलं, यात जीव कुठे मरतो का? नाही म्हटल्यावर त्या खाली बसल्या.

"म्हंजे बारीक गाळणं शे हाई," त्या भांड्याकडे पाहून म्हणाल्या.

"अगदी तसंच, काकी. पाणी जातं, साखर राहते."

त्यांनी थोडा विचार केला. "पन गाळणंमा पानी खाले जास. आठे वर का जास?"

मी त्यांना सांगितलं, पडद्यातून पाणी दोन्हीकडे जातं-येतं. साध्या पाण्याच्या बाजूने पडद्याला टेकलेलं सगळं पाणीच असतं. साखरेच्या बाजूने मधेमधे साखर जागा अडवून बसते, त्यामुळे तिकडून परत येणारं पाणी कमी. आत जाणारं जास्त, बाहेर येणारं कमी. जास्तीचं नळीत चढतं. त्या "हं" म्हणाल्या. पटलं की नाही ते कळू दिलं नाही. पण त्या दिवसापासून रोज सकाळी पूजा आटोपली की त्या माडीवर यायच्या.

मोरचुदाच्या पाण्यात भांडं भिजवलं, धुतलं, आत फेरोसायनाइडचं पाणी भरून ठेवलं. भिंत आतून तपकिरी झाली. मग ते पाणी ओतून टाकून साखरेचं पाणी भरलं, रबरी बुचातून नळी आत सोडली, रबराच्या तुकड्यांनी एकावर एक नळ्या जोडून भिंतीला बांधल्या आणि भांडं पाण्याच्या पातेल्यात ठेवलं. नळी मी मुद्दाम बारीक घेतली होती, म्हणजे आत शिरणारं पाणी थोडंच असेल आणि साखर फारशी पातळ होणार नाही.

पाणी हातभर चढलं आणि खाली आलं. दुसऱ्या दिवशी भांड्याच्या तळाशी केसाएवढी चीर सापडली. कुंभाराने दुसरं दिलं, या वेळी मंद आचेवर भाजलेलं. ते धरलं. पाणी रोज वीतभर, मग चार बोटं, असं चढत गेलं. छातीइतकं आलं, खांद्याइतकं आलं. माझ्या डोळ्यांशी आलं. आणि मग रेघेच्या हातभर खाली ते थांबलं. दोन दिवस तसूभरही हललं नाही.

यजमान फिरतीवरून आले, त्यांनी टेप लावली. "पाच फुटांच्याही आत आहे."

"हो."

"मग सूत्र चुकलं."

"सूत्र चुकलेलं नाही," मी म्हटलं. "कुठेतरी गळतंय."

"हे बरं आहे. उत्तर जुळलं की सूत्र बरोबर, नाही जुळलं की भांडं वाईट."

त्यांचं म्हणणं रास्त होतं, आणि म्हणूनच माझी पंचाईत झाली. गळतंय हे मला ठाऊक होतं. पण कुठे, ते दाखवता येत नव्हतं. बुचाला हात लावून पाहिला, कोरडं लागलं. भांड्याला नवी चीर नव्हती. त्या रात्री आम्ही जेवताना दुसऱ्याच विषयांवर बोललो.

सकाळी शेठाणी आल्या आणि दारातच थबकल्या. "मुंग्या," त्या म्हणाल्या.

खिडकीतून मुंग्यांची एक रांग भिंतीवरून उतरत होती, नळीवरून सरळ बुचापर्यंत. बूच आणि भांड्याच्या काठाच्या सांध्याभोवती त्यांनी कडं केलं होतं. दुसरीकडे कुठेही एक मुंगी नव्हती. सांध्यातून साखरेचं पाणी इतकं थोडं पाझरत होतं की लगेच वाळून जायचं, माझ्या बोटाला ओल लागायची नाही, पण मागे साखर राहायची.

मी यजमानांना हाक मारली. त्यांनी वाकून पाहिलं.

"सांधा माझ्याकडे," ते म्हणाले. पाण्याचा सांधा गळणं हे त्यांना स्वतःचा अपमान झाल्यासारखं वाटायचं. त्यांनी फडकं उचललं तसं शेठाणींनी हात आडवा केला. "पुसू नको, भाऊ. मरतीन. पानीमा पडतीन." त्या खाली गेल्या, मुठीत पीठ-साखर घेऊन आल्या आणि खिडकीच्या चौकटीवर चिमटी चिमटी टाकली. "आते थांबा."

आम्ही थांबलो. ओव्हरसियरसाहेब ऑफिसला उशिरा गेले. रांग हळूहळू वळली, आणि शेवटची मुंगी बुचावरून निघाल्याशिवाय शेठाणींनी कुणाला हात लावू दिला नाही.

यजमानांनी संध्याकाळी रस्त्याच्या कामावरचं थोडं डांबर आणलं. ते तापवून, सुतळीचे वेढे देत त्यांनी सांधा असा भरला की पुलाच्या पायाला कुणी भरणार नाही. मी भांडं पुन्हा नव्या साखरपाण्याने भरलं. तेही साखर तोलताना जवळ उभे राहिले आणि काटा दोनदा पाहायला लावला.

पाणी चढू लागलं. त्या आठवड्यात त्यांनी फिरती पुढे ढकलली. सकाळी उठल्यावर आधी भिंतीकडे जायचे. पाच फूट ओलांडले. साडेपाच झाले. मग चाल मंदावली, रोज बोटभर, मग अर्धं बोट. सहा फुटांवर आलं, तिथून जेमतेम पेराएवढं वर गेलं आणि थांबलं. रेघ तिथून पेराएवढीच वर होती. आम्ही चार दिवस वाट पाहिली. ना वर, ना खाली.

ते स्टुलावर उभे होते. "इंचभर कमी आहे," ते म्हणाले.

"थोडी साखर पातळ झाली. आणि सकाळची थंडी आहे, खोलीत तीस अंश नाहीत. पंचवीस धरून हिशेब करा."

त्यांनी तिथेच, स्टुलावर उभ्या उभ्या, भिंतीवर हिशेब केला. दोनशे अठ्ठ्याण्णवने गुणलं. उत्तर पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. मग खाली उतरून टेप गुंडाळत म्हणाले, "साखर उडतेच म्हणायची." एवढंच. पण त्यानंतर माझ्या कुठल्याही आकड्याला ते हसले नाहीत, आणि खात्यातल्या लोकांना ही हकिकत स्वतः सांगत सुटले.

शेठाणींनी शेठना माडीवर आणलं. त्यांच्यासमोर मी डोक्यावरून पदर घेऊन उभी राहिले, पण बोलले मोकळेपणाने. शेठ शाळेच्या कमिटीवर होते हे मला माहीत होतं, मात्र त्यांना बोलवावं हे माझ्या मनात आलं नव्हतं. ते शेठाणींच्या मनात आलं. शेठनी नळी खालून वर पाहिली, साखर किती ते विचारलं, मग म्हणाले, "साखरेऐवजी तेवढंच मीठ घातलं तर?"

"खूप जास्त चढलं पाहिजे, शेठजी. इथे वजन मोजत नाहीत, नग मोजतात. मिठाचा नग साखरेच्या मानाने फार हलका, म्हणून तेवढ्याच वजनात नग कितीतरी जास्त. शिवाय पाण्यात गेलं की मिठाच्या प्रत्येक नगाचे दोन तुकडे होतात, आणि दोन्ही मोजायचे."

"मग किती पट?"

मी मनात हिशेब केला. "साखरेच्या अकरा-बारा पट. या नळीत मावणार नाही. आणि हा पडदा मिठाला साखरेइतका अडवत नाही, म्हणून हिशेबाइतकं चढलेलं दिसायचं नाही."

हे शेवटचं मी सांगितलं नसतं तरी त्यांना कळलं नसतं. पण जे होणार नाही ते होईल म्हणून सांगणं मला जमत नाही. शेठनी मान हलवली आणि शेठाणींना मारवाडीत काहीतरी म्हणाले. नंतर शेठाणींनी मला सांगितलं: "ते म्हनतस, हाई बाई भाव फुगवी सांगस नही."

पुढच्या आठवड्यात हेडमास्तर घरी आले. शास्त्राला मास्तर मिळत नव्हता, मॅट्रिकची मुलं खोळंबली होती, म्हणून कमिटीपुढे माझं नाव निघालं होतं. कमिटीत दोघातिघांनी विरोध केला होता: वर्गात मोठमोठे मुलगे, बाई कशी चालेल? शेठ म्हणाले होते, चालते की नाही ते पाहू. "लायक मास्तर मिळेपर्यंत तात्पुरती नेमणूक," हेडमास्तर जरा संकोचाने म्हणाले.

"चालेल," मी म्हटलं. तो मास्तर लवकर सापडणार नाही याची मला खात्री होती, आणि झालंही तसंच.

पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले. मागच्या बाकावर कुणीतरी कुजबुजलं. मी फळ्यावर एक गणित लिहिलं आणि कुजबुजणाऱ्यालाच सोडवायला बोलावलं. त्याला येत नव्हतं. मी त्याच्याबरोबर पायरी पायरीने सोडवलं आणि उत्तर त्याच्या हाताने लिहवून घेतलं. तो जागेवर गेला तेव्हा कुणी हसलं नाही. महिन्याभरात मुलं आपणहून कपाटाची किल्ली मागू लागली.

दोन वर्षांनी यजमानांची अमळनेरला बदली झाली. परीक्षा चार महिन्यांवर आली होती आणि माझी मॅट्रिकची मुलं अर्ध्यावर होती. मी म्हटलं, "तुम्ही पुढे व्हा. मी परीक्षा झाल्यावर येते."

त्या काळी बायको अशी मागे ठेवून कुणी जात नसे. त्यांच्या आईला काय लिहायचं, ऑफिसात काय सांगायचं, हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ते खाली जाऊन शेठाणींशी बोलले. काय बोलले ते मी विचारलं नाही. वर आले आणि म्हणाले, "काकी म्हणाल्या, ती मन्हा घरमा शे. मग माझं काय चालणार?"

ते चार महिने दर शनिवारी ते आगगाडीने यायचे. लोक बोलले, मला ते ऐकू येत होतं. मी रोज वेळेवर शाळेत जायची, परतताना शेठाणींकडे बसायची, रात्रीचं जेवण सूर्यास्ताआधी त्यांच्याबरोबरच घ्यायची. रविवारी सकाळी यजमान गॅलरीत बसून मुलांच्या वह्या पुढ्यात ओढायचे. उत्तरं तपासायला ते मला विचारत नसत. स्वतः सोडवून पाहायचे, आणि एखाद्या मुलाची रीत माझ्यापेक्षा सुटसुटीत निघाली की मला मोठ्याने वाचून दाखवायचे.